कुंड्यांना फुलं येतात, आपली बघायची वेळ चुकते

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माहेर खानापूर तालुक्यातलं, अंगणात अबोली, कोरांटी, पारिजातक. आता बेळगावात हिंदवाडीला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि पूर्वेची गॅलरी. कुंड्यांमध्ये मनी प्लांट, स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट, बेगोनिया, चिनी गुलाब, तुळस आणि सासूबाईंनी दिलेलं ब्रह्मकमळ. सगळं तग धरून आहे, पण 'नुसती पानंच दिसतात, धुण्याभांड्याच्या जोडीला झाडांना पाणी घालायचं आणखी एक काम वाढलं.' तर जीव रमेल अशी कुठली फुलझाडं आणावीत?

सध्या एकही आणू नका. मी नर्सरी चालवतो, रोपं खपली तरच माझं घर चालतं, तरीही हेच सांगतो. तुमच्या यादीतलं मनी प्लांट सोडलं तर बाकी प्रत्येक झाड फुलतं. एखादं तुमच्या नकळत फुलून गेलेलंही असेल. घरातल्या झाडांची फुलं बारीक असतात, काही रात्री उमलतात, काही दुपारपर्यंतच टिकतात, आणि आपण पाणी घालतो सकाळी, डबे भरायच्या घाईत. त्या वेळी मान खाली घालून मातीच बघतो.

मनी प्लांटचं आधी निकालात काढतो, कारण नर्सरीत रोज कुणीतरी विचारतंच, 'मामा, ह्याला फूल कवा येतंय ओ?' येत नाही. फुलण्यासाठी जिबरेलिन नावाचं संप्रेरक लागतं. ते बनवणाऱ्या जनुकात या झाडाच्या बिघाड आहे. लागवडीत आपसूक फुलल्याची शेवटची नोंद 1964 सालची आहे. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी ते संप्रेरक बाहेरून फवारलं, तेव्हा कुठे त्याला फूल आलं. तेव्हा त्याच्याकडून पानांचीच मौज घ्यायची. संध्याकाळी भरपूर पाणी घातलंत तर पहाटे पानाच्या टोकाला थेंब लटकलेला दिसेल. ते दव नव्हे. मुळांनी रात्री ओढलेलं जास्तीचं पाणी झाड पानाच्या कडेने बाहेर सोडतं.

आता स्नेक प्लांट. लोक ते बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवतात आणि वर्षानुवर्षं फक्त धूळ पुसतात. उजेडात ठेवलेलं, कुंडीत दाटलेलं जुनं झाड पानांच्या मधून एक दांडा वर काढतं. त्यावर हिरवट पांढरी, मागे वळलेल्या पाकळ्यांची बारीक फुलं लागतात. ती संध्याकाळनंतर उमलतात, आणि वास असा की खोलीत कुणी अत्तर सांडलं का म्हणून लोक शोधत फिरतात. दांड्यावर फुलांच्या बुडाशी मधाचे चिकट थेंब दिसतात. ते बघून गिऱ्हाईक घाबरून येतं, कीड पडली म्हणून औषध मागतं. कीड नसते ती, बोटाला लावून जिभेवर ठेवलंत तर गोड लागतं. ज्या जुडग्यातून दांडा आला ते जुडगं पुढे नवी पानं काढत नाही, पण बाजूने पिल्लं फुटतात. म्हणून दांडा वाळला तरी ते उपटू नका.

स्पायडर प्लांटच्या लोंबत्या दांड्यांवर जी पिल्लं येतात त्यांच्याकडेच सगळ्यांचं लक्ष. पिल्लांच्या आधी त्याच दांड्यावर सहा पाकळ्यांची पांढरी चांदणी येते, एक फूल एकच दिवस. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं, पण सफेद मुसळी आणि पावसाच्या तोंडाला घाटात खुडतात ती फोडशीची भाजी, दोन्ही त्याच्याच वंशातल्या. माहेरी फोडशी खाल्ली असेल तर तिचं फूल आठवून शेजारी धरा, नातं लगेच कळेल.

बेगोनियात तर नर आणि मादी फुलं एकाच झाडावर वेगवेगळी असतात. ओळखायला सोपं आहे. फुलाच्या मागे तीन पंखांची छोटी पेटी असली तर ती मादी, नसली तर नर. मादी फुलाकडे माशीला द्यायला परागही नाहीत आणि मधही नाही. पण तिच्या मधोमध पिवळे पीळ असतात ते नराच्या परागकोशांसारखे दिसतात, माशी फसते आणि काम होऊन जातं. जांबोटीहून पुढे चोर्ला घाटात पावसाळ्यात ओल्या कातळांवर रानटी बेगोनियाची गुलाबी फुलं दिसतात. गोव्याला जाताना गाडी थांबवून त्यातही मादी शोधून बघा, हीच तीन पंखांची खूण.

चिनी गुलाब उन्हाचा नोकर. ऊन आलं की उघडतो, दुपार कलली की बंद. काही जण त्याला ऑफिस टाइम म्हणतात ते उगीच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आभाळ आठवडाभर खाली उतरलेलं असतं, तेव्हा तो फुलला नाही म्हणून खत घालत बसू नका, उघडीप मिळाली की येईल. कडक उन्हात उमललेल्या फुलातल्या पिवळ्या केसरांना काडीने हळूच शिवा. केसर काडीच्या दिशेने झुकतात. मुलांना एकदा दाखवलंत की कुंडीला पाणी घालायचं काम ती तुमच्याकडून काढून घेतील.

तुळशीला मंजिऱ्या आल्या की आपण खुडतो. ते बरोबरच आहे, बी धरलं की झाड लवकर थकतं. पण दोन-तीन मंजिऱ्या राहू द्या. तुळशीच्या फुलाला वरचा आणि खालचा असे दोन ओठ असतात, आणि त्यावर पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी येते. मधमाशीपेक्षा चपळ, हवेत एका जागी थांबते, झर्रकन बाजूला होते. संध्याकाळी याच जातीचे नर एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने धरून रात्रभर तसेच लटकून झोपतात. दिसले तर हात लावू नका, सकाळी आपोआप निघून जातात.

हे सगळं नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. सोनार वापरतात तसं 10 पट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या. ते कुंडीपेक्षा स्वस्त मिळतं. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि फूल भिंगाजवळ आणायचं. लोक उलट करतात, भिंग हातभर लांब धरतात, मग काही दिसत नाही म्हणून खणात टाकून देतात.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, कुंडीतल्या तणाकडे. तुम्ही लिहिलंय की 'गवत उगवतं ते रोज उपटते.' सगळं उपटू नका. तीन पानांची आंबट चव लागणारी आंबुशी तुमच्या एखाद्या कुंडीत असेलच. पाच पाकळ्यांचं पिवळं फूल, करंगळीच्या नखाएवढं. रात्री ती पानं मिटून घेते. तिच्या उभ्या शेंगा पिकल्यावर बोट लावलं की बिया टणकन उडतात, भिंतीवर आपटल्याचा आवाजही येतो. गॅलरीत जी लहान निळसर-करडी फुलपाखरं जमिनीलगत भिरभिरतात, त्यातली एक जात आंबुशीवरच अंडी घालते. आंबुशी उपटलीत तर फुलपाखरू दुसरीकडे जाईल.

भुईआवळ्याची फुलं पानांच्या खाली, देठाजवळ ओळीने लागतात. काडी उलटी केल्याशिवाय ती दिसतच नाहीत. केना तर त्याहून लबाड. वर निळं फूल, सकाळी उमलून दुपारपर्यंत गळालेलं. पण मातीखाली त्याच्या फांद्यांना आणखी फुलं असतात, ती कधी उमलतच नाहीत, आतल्या आत बी धरतात. वरचं सगळं उपटलं तरी केना का जात नाही, हे शेतकऱ्यांना माहीत आहे, कारण मात्र क्वचितच कुणी खणून बघतं. पावसाळ्यात एक रोप अलगद सोडवून मुळं धुवा, पांढरट बोंडं दिसतील.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगतो, आणि त्याला नर्सरीतलं काही लागत नाही. एक रिकामी कुंडी घ्या. माहेरच्या बांधावरची ओंजळभर वरची माती आणून तिच्यात पसरा. एप्रिल-मेचा वळीव पडायच्या आधी गॅलरीच्या अशा टोकाला ठेवा जिथे पावसाचे चार थेंब येतात. त्या मातीत गावाकडचं बी आधीच आहे. काय उगवेल ते मलाही सांगता येणार नाही. कदाचित केना, कदाचित एकदांडी. एकदांडीचं फूल म्हणजे एक फूल नव्हेच, कडेच्या पांढऱ्या पाकळ्या ही वेगळी फुलं आणि मधले पिवळे ठिपके ही वेगळी, सगळी एका देठावर दाटीने बसलेली. एवढंच बघा की गाजर गवत आलं तर फुलायच्या आधी उपटायचं. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो. हातात प्लास्टिकची पिशवी घालून काढा.

तुमच्या झाडांना फुलं मुळीच येत नसतील तर कारणं बहुतेक वेळा दोन-तीनच असतात. पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणजे उजेड. पूर्वेची गॅलरी मिळाली हे भाग्य समजा. सकाळचं कोवळं ऊन दहा-अकरापर्यंत मिळतं, दुपारची भाजणारी उन्हं टळतात. चिनी गुलाब आणि तुळस कठड्याजवळ, बेगोनिया त्यांच्या मागे सावलीत, स्नेक प्लांट आणि स्पायडर प्लांट दाराशी. स्नेक प्लांट कमी उजेडात जगतं म्हणून त्याला अंधारात टाकतात. जगतं, पण फुलत नाही.

दुसरं कारण युरिया. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाचं कुणीतरी गावाकडे शेती करतं, आणि येताना पिशवीतून मूठभर युरिया येतो. नत्र जास्त झालं की झाड पानांच्या मागे लागतं, फुलाचं विसरतं. कुंडीला युरिया घालूच नका. चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. संकेश्वर, चिकोडी, उगारच्या बाजूला साखर कारखान्यांची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मिळते, तीही चालते, पण पूर्ण कुजलेली. ताजी मळी कुंडीत गरम होते आणि मुळं भाजते.

तिसरं कारण कुणाच्या ध्यानात येत नाही ते म्हणजे रात्रीचा दिवा. तुमच्याकडे नाही, पण पुढे शेवंती किंवा कलांचो आणायचं मनात आलं तर लक्षात ठेवा. या झाडांना कळी धरायला लांबलचक अंधारी रात्र लागते. गॅलरीतली ट्यूबलाइट रात्रभर जळत असेल किंवा रस्त्याचा दिवा नेमका कुंडीवर पडत असेल तर हिवाळाभर पानंच. लोक दरवर्षी फुललेलं कलांचो आणतात आणि पुढच्या वर्षी 'फुललं नाही' म्हणून टाकतात. तीच कुंडी नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी सहाला अंधाऱ्या खोलीत ठेवून सकाळी आठला बाहेर काढा, दीड-दोन महिन्यांत कळ्या दिसायला लागतात.

मातीबद्दल फार लिहीत नाही. आपली तांबडी माती वाळली की दगड आणि भिजली की चिखल. निम्मी माती, पाव शेणखत, पाव भाताचं जाळलेलं तूस असं मिश्रण करा. बेळगावच्या आसपास भात पिकतो, तूस राइस मिलवर मिळतं. नुसत्या कोकोपीटच्या भानगडीत पडू नका, आपल्या पावसात ते दिवसेंदिवस ओलं राहतं आणि मुळं कुजतात. पाणी बोट बघून घालायचं: दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच. जून ते सप्टेंबर पावसाची झड येणाऱ्या कुंड्यांना पाणी घालायची बहुधा गरजच पडत नाही. त्या दिवसांत मातीवर पिवळ्या छत्र्या उगवतील. त्या झाडाला काही करत नाहीत. खायच्या मात्र नाहीत.

एक सावधगिरी. मोबाइलवर जे नुस्खे फिरतात ते कुठल्या मातीचे हे कुणी सांगत नाही. आपली बेळगाव-खानापूरकडची तांबडी माती आंबट स्वभावाची, अनंताचं फुलझाड तिच्यात खुशीने वाढतं. चुलीची चिमूटभर राखही तिला मानवते. आमच्या नात्यातल्या एक वहिनी अथणीला असतात. तिथे काळी चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी. तिथे अनंताची पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात, कारण त्या मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. त्यात वर राख घातली की आणखी बिघडतं. एकच जिल्हा, पण गॅलरीचे नियम दोन.

बघायची वेळ कुठली, तर दोन ठरवा. एक सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, घर रिकामं झाल्यावर, चहाचा दुसरा कप घेऊन. तेव्हा चिनी गुलाब, केना, तुळशीवरची माशी सापडते. दुसरी रात्री जेवणानंतर, हातात टॉर्च घेऊन. तेव्हा आंबुशी झोपलेली, स्नेक प्लांट जागं आणि गोगलगाई चोरी करताना सापडतात. या दोन्ही वेळा पाण्याची झारी आत ठेवून या. झारी हातात असली की माणूस काम करतो, बघत नाही.

एवढं एक पावसाळा केलंत आणि तरीही नवीन काही हवंच असं वाटलं, तर अबोली लावा. माहेरच्या झाडाचीच, विकतची नको. बाजारात हल्ली भडक रंगाच्या जाती येतात, त्या वाईट नाहीत, पण तुमच्या आठवणीतली ती नव्हे. अबोली मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली, त्यामुळे आपली हवा तिला परकी नाही. सकाळचं ऊन आणि ओलसर पण निथळणारी माती एवढंच मागते. कणीस खालून वर फुलत जातं, म्हणून एकच कणीस बरेच दिवस पुरतं. वास नाही, तरी वेणीत तिला मान आहे. कणीस वाळलं की तोडून टाकू नका. एका वाटीत ठेवा, त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा आणि वर दुसरी वाटी झाका. थोड्याच वेळात टक् टक् आवाज येईल. पाणी लागलं की बोंडं तडकतात आणि बिया उडवतात, पावसात पेरणी व्हावी म्हणून झाडानेच केलेली सोय. झाकलं नाहीत तर बिया स्वयंपाकघरभर होतील. त्याच बिया लगेच पेरा.

राहिलं सासूबाईंचं ब्रह्मकमळ. ते 'दोन वर्षं झाली, नुसतं वाढतंय' असं तुम्ही लिहिलंय. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्याकडे घरोघरी आहे ते मेक्सिकोकडचं निवडुंग, आणि ज्याला आपण पान म्हणून मातीत खोचतो तो त्याचा चपटा दांडाच. हे झाड रानात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं, म्हणून त्याला मोठी कुंडी सोसत नाही. 8 इंचांच्या कुंडीत दाटू द्या, आधाराला काठी द्या, सकाळचं ऊन मिळू द्या, आणि हिवाळ्यात पाणी कमी करा. पावसाळ्याच्या सुरुवातीला चपट्या दांड्याच्या कडेच्या खाचेत तांबूस ठिपका दिसला तर ती कळी. तेव्हापासून कुंडी हलवायची नाही, जागा बदलली की कळी गळते. कळी आधी खाली लोंबते आणि वाढता वाढता तिचं तोंड वर वळतं. वर वळून फुगली, टोक सैल झालं, की त्याच रात्री उमलणार. शेजाऱ्यांना बोलवायचं, आरती करायची ते करा. सासूबाईंना मात्र संध्याकाळीच फोन लावा, पहाटेपर्यंत फूल मान टाकतं आणि मग वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.